मस्तक नसलेली गायिका

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या मोंमार्त्र भागात निर्माण झालेल्या भित्तिपत्रकांनी तेथील नर्तकी व गायिका यांना अजरामर केले, असे सर्रास म्हटले जाते; परंतु आंरी द तुलूज-लोत्रेक याचे १८९३ मधील ‘दिव्हाँ झापोने’ हे भित्तिपत्रक नीट न्याहाळले, तर हे विधान निम्मेच खरे ठरते. ‘दिव्हाँ झापोने’ हे कॅफे-काँसेर होते, म्हणजे मद्याचे घोट घेत गाणी ऐकण्याचे ठिकाण, आणि तेथील कार्यक्रमांची जाहिरात हाच या चित्राचा हेतू होता. तरीही रंगमंचावरील गायिकेचे मस्तक कागदाच्या वरच्या कडेने छाटले गेले आहे, आणि ती इव्हेत गिल्बेर आहे हे केवळ तिच्या लांब काळ्या हातमोज्यांवरून ओळखायचे आहे. चित्राचा मोठा भाग व्यापला आहे तो प्रेक्षकांनी. काळ्या पोशाखात, हातात पंखा घेऊन बसलेली झान आव्रिल ही स्वतः ‘मूलाँ रूज’ची नामांकित नर्तकी, आणि तिच्या शेजारचे एकनेत्री चश्मा लावलेले गृहस्थ म्हणजे वाग्नरच्या संगीताला वाहिलेल्या नियतकालिकाचे संस्थापक, समीक्षक एद्वार द्युझार्दँ; वाग्नरभक्ताला अशा सवंग गाण्यांच्या जागी आणून बसवण्यातला खट्याळपणा पॅरिसकरांच्या नजरेतून सुटला नसावा.

प्रतिष्ठितांनी स्वतःच प्रेक्षणीय होण्याची परंपरा फ्रेंच मुद्राचित्रांत जुनीच होती. फिलिबेर-लुई दब्युकूर याच्या १७९२ मधील ‘सार्वजनिक फेरफटका’ या चित्रात पाले-रॉयाल या राजवाड्याच्या उद्यानातील नटलेली गर्दी एकमेकांना न्याहाळत बसलेली दिसते, आणि तिला करमणुकीसाठी कोणा कलावंताची गरजच भासत नाही. मात्र अशी चित्रे निरनिराळ्या रंगांसाठी वेगवेगळे ताम्रपट कोरून छापावी लागत, त्यामुळे ती भिंतीवर डकवण्यासाठी नव्हे, तर संग्राहकाने जपण्यासाठीच असत.

पुढे चित्र रस्त्यावर आले ते दोन कारणांनी. तेलकट खडूने वा शाईने दगडावर काढलेली आकृती छपाईची शाई धरून ठेवते व दगडाचा उरलेला ओला भाग ती झिडकारतो, या तत्त्वावरील शिळामुद्रणामुळे मोठाले रंगीत कागद झपाट्याने छापता येऊ लागले. आणि २९ जुलै १८८१ च्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्याने भित्तिपत्रकांवरील जुने निर्बंध हटले, जरी ‘येथे पत्रके लावू नयेत’ अशी ताकीद याच कायद्याच्या तारखेसह आजही फ्रान्सच्या भिंतींवर रंगवलेली आढळते. लोत्रेकचे पहिले भित्तिपत्रक, १८९१ चे ‘मूलाँ रूज’, सुमारे तीन हजार प्रतींत छापले गेले. त्यात ला गुल्यू या नावाने गाजलेली नर्तकी पाय उडवत मध्यभागी आहे, आणि उंच टोप्यांचे प्रेक्षक मागे एका सलग काळ्या पट्ट्यात विरघळून गेले आहेत. दोनच वर्षांनी तो पट्टा पुढे सरकला, त्याला चेहरे फुटले आणि गायिकेचा चेहरा गेला. या क्रमात लोत्रेकची खरी झेप आहे, कारण प्रसिद्धी ही कलावंतापेक्षा पाहणाऱ्याच्या नजरेत घडते, हे त्याने जाहिरातीच्या कागदावरच दाखवून दिले.

गिल्बेरला त्याने काढलेली आपली रूपे कुरूप वाटत, आणि तिची तक्रार रास्तही होती. तरीही १८९४ मध्ये तिच्यावरील मुद्राचित्रांचा संग्रह शंभर प्रतींत निघाला तेव्हा प्रत्येक प्रतीवर तिने सही केली. त्याच्या मुखपृष्ठावर ती नाहीच, नुसते हातमोजे पडलेले आहेत. माणसापासून सुटून स्वतंत्रपणे खपू शकणारी खूण कशी असते, याचा एवढा थंड नमुना त्या दशकात दुसरा सापडणे कठीण.

आव्रिलचे स्थान मात्र वेगळे होते. ‘लेस्तांप ओरिजिनाल’ या वर्गणीदारांसाठी निघणाऱ्या, मर्यादित प्रतींच्या मुद्राचित्रसंचाचे १८९३ मधील मुखपृष्ठ लोत्रेकने काढले, आणि त्यात नुकताच छापलेला कागद पारखणारी जाणकार म्हणून त्याने हिलाच उभे केले. ज्या मोंमार्त्रमध्ये लोक पैसे मोजून तिच्याकडे पाहत, तेथील नर्तकी येथे रसिकांच्या पंक्तीला बसते. तिच्यामागे आंकूर यांच्या छापखान्यातील म्हातारा कारागीर कोतेल यंत्रावर राबतो आहे, आणि तिचे त्याच्याकडे लक्षही नाही.