पैसे हातात पडेपर्यंत

उजनी धरणाच्या पाण्याने भीमाकाठाला पैसा दिला, याविषयी दुमत नाही. 1980 साली धरण पूर्ण झाले आणि माढा, करमाळा, इंदापूर या तालुक्यांतल्या जिरायती शिवारांत ऊस उभा राहिला. कंदरच्या केळीला परदेशी बाजार मिळाला, भिगवणच्या बाजारात धरणाच्या यशवंतसागर जलाशयातली मासळी येऊ लागली. ज्यांची गावे आणि काळी जमीन त्या पाण्याखाली गेली, त्यांनी याची किंमत मोजली. तो हिशेब वेगळा आहे आणि अजून पुरा झालेला नाही. इथे विचार करायचा आहे तो पैसा येण्याच्या वाटेचा. आज ऊसबिल खात्यावर जमा होते. दर दहा दिवसांनी होणारा दुधाचा पगार बहुतेक ठिकाणी खात्यावर येतो. पीकविमा, पीएम किसान, निराधारांचे मानधन, लाडक्या बहिणीचे दीड हजार हेही सगळे खात्यावरच येते. खात्यावर पैसे आल्याचा मेसेज वाजतो आणि देणाऱ्याच्या लेखी व्यवहार तिथेच संपतो. घेणाऱ्याचा मात्र तिथून सुरू होतो, कारण किराणावाला, मजूर आणि औषधाचे दुकान यांना द्यायचे पैसे अजून हातात यायचे असतात. हातात येईपर्यंत त्यांतून जे काही गळते, ते कुणाच्या खिशातून जावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत आजही पगार चेकने घेणारे पुष्कळ लोक आहेत आणि त्यांतल्या काहींचे बँकेत खातेच नाही. तिथल्या ठेव विमा महामंडळाच्या 2023 च्या पाहणीनुसार 4.2 टक्के, म्हणजे सुमारे 56 लाख कुटुंबांत कुणाचेही बँक खाते नव्हते. असा माणूस मालकाने दिलेला चेक घेऊन मालकाच्याच बँकेत गेला, तर काही मोठ्या बँका रोख रक्कम हातात ठेवण्यापूर्वी त्याच्याकडून काही डॉलर आकार घेतात. ‘तुम्ही आमचे ग्राहक नाही, तुमच्यासाठी आम्ही काम करतो आहोत’ हे त्यांचे समर्थन. ते वरवर बरोबर वाटते, पण टिकत नाही. चेक लिहिणारा बँकेचा ग्राहक आहे. ‘माझ्या खात्यातून या माणसाला अमुक रक्कम द्या’ ही आज्ञा त्याची आहे आणि ती पाळणे हेच बँकेचे त्याच्याशी असलेल्या कराराचे सार आहे. म्हणजे सेवा मालकाला मिळाली आणि तिची किंमत मजुराने मोजली. पूर्ण मजुरी कबूल झाली होती, प्रत्यक्षात हाती कमी पडली, आणि ती कमी देण्यात मालकाचा काही दोष आहे असे कागदावर कुठेही दिसत नाही.

आपल्याकडे चेकची ही विशिष्ट अडचण क्वचित येते. बेअरर चेक ज्या शाखेचा असेल तिथल्या काउंटरवर ओळखपत्र दाखवून सहसा विनाशुल्क वटतो. पण डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा पडल्या आणि मध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहिले, की तो चेक खात्यातच भरावा लागतो. कुठल्याही खिडकीवर त्याचे रोख पैसे मिळत नाहीत. 1881 च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यातले 31 वे कलम या बाबतीत फार बोलके आहे. खात्यात पुरेसे पैसे असूनही बँकेने चेक वटवला नाही, तर तिने नुकसानभरपाई द्यायची ती चेक लिहिणाऱ्याला. चेक हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा त्या कलमाखाली बँकेवर हक्क नाही. कायद्याची ही रचना एका काळी ठीक होती, कारण चेक घ्यायचा की रोख मागायची हे घेणारा ठरवू शकत होता. आज ती मोकळीक उरलेली नाही. आधार जोडलेले खाते नसेल तर सरकारी योजनेचा हप्ता मिळतच नाही. एका दिवसात एकाला दहा हजारांच्या वर रोख दिली, तर काही अपवाद सोडता व्यापाऱ्याला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही, म्हणून तोही खातेच मागतो. मार्ग निवडला देणाऱ्याने किंवा सरकारने, आणि त्या मार्गावरचा टोल भरतो घेणारा. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्याने मार्ग सक्तीचा केला, त्यानेच टोल भरावा.

टोल कसा बसतो ते जवळून पाहू. बँकेची शाखा टेंभुर्णीला, करमाळ्याला किंवा एखाद्या मोठ्या गावात. लहान गावात असतो बँक मित्र, म्हणजे एखाद्या झेरॉक्सच्या किंवा मोबाइल रिचार्जच्या दुकानात अंगठ्याचे यंत्र घेऊन बसलेला माणूस. आधार क्रमांक सांगायचा, काचेवर अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा लागला की पैसे. पाचटाने घासलेल्या, जाळे ओढून चिरलेल्या किंवा वयाने गुळगुळीत झालेल्या अंगठ्यावरच्या रेषा यंत्राला उमटत नाहीत. मग दुसरे बोट, मग तिसरे, मग पाणी लावून पुसलेले बोट, मग ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’. बँकेच्या वतीने दिलेल्या सेवेसाठी ग्राहकाकडून थेट पैसे घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँक मित्राला मनाई केली आहे. तरी असे पैसे घेतल्याच्या तक्रारी देशभर होत आल्या आहेत, आणि त्यांची रीतसर पावती नसल्यामुळे हा आकार कुठल्याच ताळेबंदात येत नाही. हजाराला दहा रुपये एवढाच दर धरू. दीड हजारांमागे पंधरा रुपये झाले. लाडकी बहीण योजनेत 2024 मध्ये दोन कोटींहून अधिक महिला होत्या. त्यांतल्या एक कोटी जणींनी जरी अशा रीतीने पैसे काढले, तरी महिन्याला पंधरा कोटी आणि वर्षाला एकशे ऐंशी कोटी रुपये होतात. एका बाईला पंधरा रुपये कुरकुर करण्याइतके मोठे वाटत नाहीत, म्हणूनच हा प्रश्न कधी पुढे येत नाही.

अंतराचा खर्च यात धरलेलाच नाही. बहुतेक सर्व गावांना पाच किलोमीटरच्या आत बँकिंग सेवा आहे, असे सरकार सांगते. या मोजणीत बँक मित्रही येतात. पण जलाशयाच्या काठावरच्या गावाभोवती नकाशावर पाच किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर त्यातला मोठा भाग पाण्यावर पडतो. कुगाव आणि कळाशी समोरासमोर आहेत, मात्र एक करमाळा तालुक्यात आणि दुसरे इंदापूर तालुक्यात. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो, म्हणून लोक बोटीने जातात. मे 2024 मध्ये याच मार्गावरची बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. अशा मुलखात सेवा किती जवळ आहे हे वर्तुळाने ठरवणे म्हणजे लोकांच्या पायाखालचा रस्ता न पाहणे. शाखेपर्यंतचे एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज हेही पैसे हातात घेण्याचेच शुल्क आहे, फक्त ते बँकेच्या दरपत्रकात छापलेले नसते.

यावर ठरलेला आक्षेप असा, की गरिबांसाठी शून्य शिलकीचे खाते आहेच, मग शुल्काचा प्रश्न येतो कुठे? 2012 पासून मूलभूत बचत खाते आहे, 2014 पासून जनधन आहे, आणि ते मोठे काम आहे यात शंका नाही. पण या खात्यांतही महिन्याला चार वेळाच पैसे मोफत काढता येतील, असा अर्थ बँकांनी लावला. आयआयटी मुंबईच्या एका अभ्यासात दिसून आले, की स्टेट बँकेने अशा खात्यांवर चारनंतरच्या प्रत्येक व्यवहाराला 17.70 रुपये लावले आणि 2015 ते 2020 या काळात सुमारे बारा कोटी खात्यांतून तीनशे कोटींहून अधिक रक्कम गोळा केली. पंधरा रुपये आकार आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे दोन रुपये सत्तर पैसे. पासबुकात काढलेल्या दोनशे रुपयांच्या ओळीखाली ही ओळ आली, तर दोनशेवर जवळजवळ नऊ टक्के गेले. पुढे केंद्र सरकारने 1 जानेवारी 2020 नंतर डिजिटल व्यवहारांवर घेतलेले आकार परत करायला बँकांना सांगितले. शिवाय काठावरच्या अनेक बायकांचे खाते जनधनचे नसते. बचत गटासाठी, शिष्यवृत्तीसाठी किंवा कर्जासाठी पूर्वी कधी उघडलेले साधे खाते असते आणि त्याला किमान शिलकीची अट असते. 2018 पासूनच्या साधारण पाच वर्षांत सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी या अटीपोटी एकवीस हजार कोटींहून अधिक दंड घेतल्याचे ऑगस्ट 2023 मध्ये संसदेत सांगण्यात आले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे पहिले तीन हजार जमा झाले, तेव्हा जुन्या थकबाकीपोटी काही बँकांनी ते कापले आणि तसे करू नका असे राज्य सरकारला सांगावे लागले. स्टेट बँकेने 2020 मध्ये हा दंड बंद केला आणि 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही केला. ते चांगलेच झाले, पण अट ठेवायची की नाही हे अजूनही ज्या त्या बँकेच्या मर्जीवर आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नोटा मोजणे, वाहून नेणे, सुरक्षित ठेवणे याला खर्च येतो आणि बँक काही धर्मशाळा नाही. खर्च येतो हे मान्यच आहे. प्रश्न आहे तो कुणी सोसायचा हा, आणि त्याचे उत्तर आपण दुसऱ्या एका ठिकाणी आधीच दिलेले आहे. यूपीआय व्यवहारालाही खर्च येतो. तरी जानेवारी 2020 पासून त्यावर दुकानदाराकडून आकार घेतला जात नाही, आणि छोट्या व्यवहारांपोटी केंद्र सरकार बँकांना प्रोत्साहन रक्कम देते. 2024-25 साठी त्याकरिता दीड हजार कोटींची तरतूद मंजूर झाली. म्हणजे पैसे पोहोचवण्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून करणे योग्य आहे, हे तत्त्व ठरलेले आहे. ते फक्त स्मार्टफोनवर स्कॅन करणाऱ्याला लागू आहे, अंगठा टेकवणाऱ्याला नाही. ‘मग त्यांनीही फोन वापरावा’ हे उत्तर ज्यांना सुचते त्यांनी पाहावे, की घरातला एकुलता स्मार्टफोन बहुधा मुलाच्या खिशात असतो. बाईचे दीड हजार त्याच्या फोनमधून खर्च होऊ लागले, तर ते तिच्या नावावर देण्याचा हेतूच बाजूला राहतो. तिच्या हातातल्या नोटेवर तिचा ताबा असतो.

बँक मित्राला खलनायक ठरवण्यातही अर्थ नाही. दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाने आधारवर पैसे काढले, की त्या ग्राहकाची बँक व्यवहाराच्या अर्धा टक्का, फार तर पंधरा रुपये देते, आणि मधल्या कंपनीचा वाटा वजा जाता उरेल ते त्याचे. नेट, वीज, प्रिंटरचा कागद त्याचा. शाखेतून रोकड मोटारसायकलवर आणताना जोखीमही त्याचीच. एवढ्यावर त्याने दुकान चालवावे आणि ग्राहकाकडून पैही घेऊ नये, असा नियम करणारे त्याला नियम मोडायलाच लावतात. त्याचे कमिशन वाढले पाहिजे, आणि ते वाढवण्याचे पैसे ज्यांच्या सोयीसाठी ही व्यवस्था उभी आहे त्यांच्याकडून आले पाहिजेत. सरकारचा नोटा वाटण्याचा खर्च वाचला, कारखान्याचा रोखपाल आणि पहारा वाचला. त्या बचतीतला काही भाग शेवटच्या दुकानापर्यंत जावा, ही मागणी अवास्तव नाही.

उसाच्या बाबतीत तर कायद्याचा पाया तयार आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज. पण ‘दिले’ म्हणजे खात्यावर टाकले. ज्या बँकेत टाकले ती अडचणीत असेल तर काय, हे आदेश विचारत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये जुन्या नोटा स्वीकारायला जिल्हा बँकांना मनाई झाली तेव्हा, आणि 2018 मध्ये सोलापूर जिल्हा मध्यवर्ती बँकेवर प्रशासक आला तेव्हाही, शेतकऱ्याला खाते आणि पैसा यांतले अंतर नीट कळले. ऊसतोडीच्या टोळ्या आजही मुकादमाकडून रोख उचल घेतात. त्यांना त्यात लुबाडले जाते हे खरे आहे आणि बँकेमुळे ते थांबायला हवे हेही खरे. पण परक्या गावात पाच महिने पालावर राहणाऱ्या माणसाला रोजच्या मिठामिरचीसाठी लागणारे पैसे कापाकापीशिवाय जवळच मिळणार नसतील, तर तो बँकेकडे वळणार कशाला? म्हणून राज्य सरकारने योजनेच्या शासन निर्णयात आणि कारखान्यांनी बँकांशी होणाऱ्या करारात एक अट घालावी: जमा झालेल्या रकमेपैकी दरमहा दहा हजारांपर्यंतची रोख लाभार्थ्याला शाखेत किंवा बँक मित्राकडे कोणताही आकार न देता मिळेल, जमा झालेल्या पैशांतून जुना दंड वळता होणार नाही, आणि बँक मित्राचे वाढीव कमिशन पैसे पाठवणारा भरील. आकाराचा दर दुकानाबाहेर ठळक मराठीत लिहिलेला असावा, आणि अंगठा उमटला नाही तर ओटीपी किंवा डोळ्यांच्या बुबुळाची ओळख चालावी. पुढचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात. सभासदांनी या अटीचा ठराव तिथे मांडावा.