मोजणी कुणाला दिसते?

१९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचाच नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. मतदाराने आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकायची. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात अशा लाखो पेट्या तयार झाल्या. अक्षरओळख नसलेल्यालाही मत देता यावं आणि ते कुणाला कळू नये, ही तेव्हाची काळजी. पण आडोशाला गेलेला मतदार मतपत्रिका खिशात घालून बाहेर आणू शकत होता, विकूही शकत होता. म्हणून पुढे एकच पेटी आणि शिक्का आला.

संशय मात्र गेला नाही. १९७१मध्ये दक्षिण दिल्लीत हरलेले जनसंघाचे बलराज मधोक यांनी मतपत्रिकांवर रसायन लावल्याचा आरोप केला. सर्वोच्च न्यायालयाने काही मतपत्रिका तपासू दिल्या. आरोप टिकला नाही. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तपासायला हातात कागद होता.

त्यानंतरची भीती गुंडांची होती. केंद्र ताब्यात घ्यायचं, मतपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून पेटीत कोंबायचे. त्यावरचा उपाय म्हणजे मतदान यंत्र. ते एका मिनिटात चारपेक्षा जास्त मतं नोंदवत नाही, आणि केंद्राधिकाऱ्याने ते बंद केलं की बटण दाबून उपयोग नसतो. १९८२मध्ये केरळात परूरच्या ५० केंद्रांवर ते वापरलं गेलं. कायद्यात तरतूदच नाही म्हणून १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे पुन्हा मतदान घ्यायला लावलं. मग कायदा बदलला. १९९९मध्ये गोव्याची सगळी विधानसभा निवडणूक यंत्रावर झाली, २००४मध्ये सगळ्या देशाची.

गुंडाचा बंदोबस्त झाला, पण मतमोजणीचं टेबल बदलून गेलं. पूर्वी शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडला की उमेदवारांचे प्रतिनिधी हमरीतुमरीवर येत. मत कुणाचं, की बाद, हे सगळ्यांसमक्ष ठरे. आता निकालाचं बटण दाबलं की आकडे दिसतात आणि प्रतिनिधी ते उतरवून घेतात. मतदानाआधीची चाचणी, सीलवरच्या सह्या, केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाचा १७-सी नमुना ही सगळी काळजी घेतली जाते. यंत्रात फेरफार करून निवडणूक जिंकल्याचं कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही, आणि तसं झालं असेल असं मीही म्हणत नाही. पण हरलेल्या माणसाची खात्री कशी पटवायची? जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे तपासता आले पाहिजेत. माझ्या मते कसोटी हीच.

आपल्याकडे २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर व्हीव्हीपॅटची चिठ्ठी आली. ती काचेमागे सात सेकंद दिसते आणि डब्यात पडते. मोजल्या जातात त्या मात्र विधानसभा मतदारसंघातल्या पाचच केंद्रांच्या. सगळ्या चिठ्ठ्या मोजा, ही मागणी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. आपल्या महापालिकांच्या निवडणुकांत तर ही चिठ्ठीही नाही.

२०२४च्याच डिसेंबरात, विधानसभेच्या निकालानंतर, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडी गावाने आपल्यापुरतं कागदावर मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. गावाचा आकडा गावाला खटकला, कारण यंत्रामुळे तो केंद्रवार कळतो. कागदाच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजता येत होत्या. तशीच सोय यंत्रांना करणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८मध्ये दिला, २०१५मध्ये विधी आयोगाने तीच शिफारस केली, आणि अजून काही झालेलं नाही. कुठल्या वस्तीने कुणाला मत दिलं हे झाकायला हवं, ते आज उमेदवाराला घरबसल्या कळतं. मोजणी उघडी हवी, ती डब्यात बंद आहे. निकाल दोन दिवस उशिरा लागला तरी बिघडत नाही. चिठ्ठ्या छापलेल्या आहेत, डब्यात आहेत. त्या सगळ्या प्रतिनिधींसमोर मोजा.