हातांतील काठी

(वाचन : निर्गम, अध्याय ३ व ४)



मोशे हा इस्राएल लोकांचा थोर पुढारी, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु होरेब डोंगरापाशीं परमेश्वरानें त्याला हांक मारिली, त्या वेळीं तो पुढारी नव्हता. तो ऐंशी वर्षांचा मेंढपाळ होता. आणि मेंढरें देखील त्याचीं स्वतःचीं नव्हतीं, सासऱ्याचीं होतीं. चाळीस वर्षांपूर्वीं आपल्या लोकांचा कैवार घेण्यासाठीं त्यानें हात उचलला, तेव्हां एका मिसरी मनुष्याचा प्राण गेला, आणि आपल्याच भाऊबंदांनीं त्याला तोंडावर हिणविलें. मग फारोच्या भयानें तो रानांत पळाला, आणि तेथेंच त्याचे केस पिकले. अशा मनुष्याला देव म्हणतो कीं, त्याच मिसरांत परत जा आणि फारोपुढें उभा राहा. त्याचें काळीज कांपलें, यांत नवल तें काय?

या दोन अध्यायांत मोशे पांच वेळां मागें सरतो. एवढ्या कामास आपण असे कोण, असें तो प्रथम विचारतो. मग लोकांनीं देवाचें नांव विचारलें तर काय सांगावें, ही शंका काढितो. मग लोक आपल्यावर विश्वास ठेवणार नाहींत, असें म्हणतो. मग आपली जीभ जड आहे, असें सांगतो. आणि एकही सबब उरत नाहीं, तेव्हां दुसऱ्या कोणास तरी पाठवावें, अशी उघड विनवणी करितो. बंधुजनहो, या पांचांपैकीं एखादी तरी सबब ज्याच्या तोंडून कधीं निघाली नाहीं, असा उपदेशक मला अजून भेटावयाचा आहे.

मी स्वतः तसा नाहीं, हें मला तुम्हांस सांगितलें पाहिजे. सेमिनरीचा अभ्यास पुरा करून मी एका खेड्यांतील मंडळीवर आलों, त्याच्या पहिल्याच पावसाळ्यांतील ही गोष्ट आहे. एके रात्रीं शेजारच्या वाडीहून एक मुलगा कंदील घेऊन आला. त्याचा आजा शेवटच्या घटका मोजीत होता व त्यानें मला बोलाविलें होतें. माझ्या पेटींत पुस्तकें होतीं, टिपणें होतीं. परंतु मरणाऱ्या मनुष्याच्या उशाशीं बसून काय बोलावें, हें मला सुचेना. माझे शब्द अडखळतील, घरचीं माणसें काय म्हणतील, या विचारानें माझे पाय गळाले. मीं त्या मुलाला सांगितलें, "ओढ्याला पाणी असेल. उजाडतांच येतों." तो पोर तोच ओढा ओलांडून आला होता, हें मला दिसत होतें.

सकाळीं मी गेलों. ओढ्याला गुडघाभर पाणी होतें. म्हातारबाबा पहांटेंच प्रभूकडे गेले होते. त्यांच्या पायथ्याशीं शेजारची एक वृद्ध विधवा बसली होती. तिनें मला दोष दिला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "पाळकसाहेब, मला लिव्हायवाचाया येत न्हाई. परभूची परार्थना तेवढी येती. तीच म्हनत बसले रातभर. ते बी संगं म्हनत व्हते. मग त्यांचे ओठ थांबले."

त्या दिवशीं मला जो धडा मिळाला, तो वर्गांत मिळाला नव्हता. तोच आज या शास्त्रभागावरून मी तुम्हांपुढें ठेवितों.

पहिली गोष्ट ही कीं, आपण कोण, या मोश्याच्या प्रश्नाचें उत्तर देव देतच नाहीं. तूं राजवाड्यांत वाढलेला आहेस, मिसरी लोकांची सारी विद्या शिकलेला आहेस, अशी त्याची समजूत घालणें देवाला कठीण नव्हतें. परंतु त्यानें मोश्याचें मोठेपण त्याला सांगितलें नाहीं. मी तुजबरोबर असेन, एवढेंच अभिवचन दिलें. मी त्या रात्रीं स्वतःकडे पाहत बसलों आणि मला माझी उणीव मात्र दिसली. उणीव खरीच होती. परंतु बोलावणाऱ्याकडे मीं पाहिलेंच नाहीं.

दुसरी गोष्ट काठीची. देवानें मोश्याला विचारलें तें त्याच्या हातीं जें होतें त्याविषयीं. ती मेंढपाळाची साधी काठी होती. ती भुईवर टाकितांच तिचा साप झाला आणि मोशे पळूं लागला. मग आज्ञा झाली ती सापाची शेपटी धरण्याची. शेतांत वावरणाऱ्या माझ्या बंधूंनो, शेपटीनें धरलेल्या सापाचें तोंड मोकळें असतें, हें तुम्हांस सांगावयास नको. देवानें आधीं भय काढून मग हात पुढें करविला नाहीं. भीत भीतच हात पुढें करविला, आणि हातांत आली ती पुन्हां काठी. भय गेल्यावर आज्ञा पाळीन, असें म्हणणारा जन्मभर वाटेवरच उभा राहतो. पुढें मोशे मिसराकडे निघाला, तेव्हां त्या काठीला शास्त्र देवाची काठी म्हणतें. काठी तीच, धनी बदलला.

याचें एक उदाहरण आपल्या नगर भागांतच घडलें. लक्ष्मीबाई टिळक कधीं शाळेंत गेल्या नव्हत्या. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां सोंवळेंओंवळें पाळणाऱ्या लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांजपासून दूर राहिल्या; पुढें १९०० सालीं त्यांनींही प्रभूचा स्वीकार केला. १९१९ सालीं टिळक निवर्तले आणि त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें. एवढें काव्य पुरें करणारी मी कोण, असें म्हणावयास त्या बाईंच्याइतकें सबळ कारण कोणास होतें? तरी त्यांनीं लेखणी उचलली, आणि त्या ग्रंथांतील बहुतेक अध्याय आज त्यांचेच आहेत.

तिसरी गोष्ट इशाऱ्याची आहे. चार वेळां देवानें मोश्याचें ऐकून घेतलें व धीर दिला. पांचव्या वेळीं त्याचा कोप भडकला. आपली उणीव कबूल करणें ही नम्रता आहे. परंतु उत्तर मिळाल्यावरही मागें सरणें ही आज्ञाभंगाचीच वाट आहे, तिला नम्रतेचा अंगरखा घालूं नये. तरी त्या कोपांतही दया पाहा. मोश्याचा भाऊ अहरोन त्याला भेटावयास आधींच निघाला होता. इकडे मोशे सबबी सांगत होता, आणि तिकडे देवानें त्याचा सोबती वाटेला लावला होता.

म्हणून, प्रिय उपदेशक बंधूंनो, पाटलाच्या ओट्यावर बोलावयास तुमची जीभ अडखळत असेल, तर एका भावाला सोबत घेऊन जा. माता-भगिनींनो, तुम्हांस वाचतां येत नसेल, तरी एक प्रार्थना पाठ असेल. आजाऱ्याच्या उशाशीं ती पुरेशी आहे. तरुणांनो, भाऊबंद हंसतील या भयानें ज्यानें प्रभूचें नांव ओठांत दाबून ठेविलें आहे, त्यानें या आठवड्यांत तें एकदां तरी उघड घ्यावें. आणि रात्रीं कोणी कंदील घेऊन दाराशीं आला, तर सकाळची वाट पाहूं नका. ओढ्याचें पाणी आपण समजतों तितकें बहुधा नसतें. आणि असलें, तरी ज्यानें बोलाविलें तो बरोबर असतो.

हे प्रभो, आमच्या हातीं थोडें आहे आणि मनांत भय फार आहे. आमची काठी तूं आपली करून घे. ज्या हांकेला आम्हीं उद्यां म्हणालों, त्याची क्षमा कर, आणि पुढच्या हांकेला आम्हांस त्याच रात्रीं उठीव. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.