पात्रतेचें माप

शास्त्रीय संशोधनाचें द्वार स्त्रियांस आतां खुलें झालें आहे, असें सुशिक्षित लोक समाधानानें म्हणतात आणि पुराव्यादाखल दोनचार तेजस्वी नांवें पुढें करतात. तीं नांवें वंदनीय आहेत यांत शंका नाहीं; परंतु तेवढ्यानें न्याय झाला असें सिद्ध होतें काय, हें पाहिलें पाहिजे.

दुर्गाबाई भागवत यांच्या भगिनी कमलाबाई सोहोनी यांचेंच उदाहरण घेऊं. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेंत पहिल्या येऊन १९३३ सालीं त्यांनीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेश मागितला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं, त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणास्तव, तो नाकारला. कमलाबाईंनीं आग्रह सोडला नाहीं, तेव्हां प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलें वर्ष उमेदवारीचें, संचालकांचें समाधान होईपर्यंत कामास मान्यता नाहीं, आणि पुरुष सहकाऱ्यांचें चित्त विचलित होतां कामा नये! त्या कसोटीस उतरल्या; १९३९ मध्यें केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या; रामन यांनींहि पुढें इतर स्त्रियांस प्रवेश दिला.

कथा सुखान्त झाली असें वाचकांस वाटेल. आम्हांस वाटत नाहीं. सहकाऱ्यांचें चित्त सांभाळण्याची अट कोणा पुरुषास घातली होती काय? जर्मनींतहि असेंच घडलें. थोर गणितज्ञ एमी नोएदर यांचीं ग्यॉटिंगेन येथील व्याख्यानें कित्येक वर्षें हिल्बर्ट यांच्या नांवानें जाहीर होत. स्वतःच्या नांवानें शिकविण्याचा अधिकार त्यांस १९१९ मध्यें मिळाला.

कोणी म्हणेल, कठोर परीक्षेनें सोनें उजळतेंच कीं! खरें आहे, परंतु परीक्षा सर्वांची सारखी असेल तरच ती परीक्षा. एकाच वर्गाकडून घेतली जाते ती जकात होय.

शिवाय संशोधन हें केवळ प्रतिभावंतांच्या बळावर चालत नाहीं. मोजमापें घेणारे, पडताळे पाहणारे, चिकाटीनें काम करणारे शेंकडों मध्यम बुद्धीचे पुरुष प्रयोगशाळांतून सन्मानानें नांदतात, आणि तें योग्यच आहे. तशाच बुद्धीची स्त्री मात्र विवाह, अपत्य आणि वयाची मर्यादा यांच्या कचाट्यांत सांपडून वाटेंतच गळते, आणि तिच्या गळण्याची नोंदहि कोणी ठेवीत नाहीं. जगांतील संशोधकांत स्त्रिया आजहि सुमारें एकतृतीयांशच आहेत, याचें एक कारण आमच्या मतें येथें आहे.

म्हणून असामान्य स्त्रियांच्या यशावरून संस्थांची न्यायबुद्धि मोजूं नये. सामान्य पात्रतेच्या पुरुषास जी जागा सहज मिळते, ती तितक्याच पात्रतेच्या स्त्रीस तितक्याच सहजपणें मिळेल, तेव्हां द्वार खरोखर उघडलें असें आम्ही समजूं.