शौर्य आणि ईश्वरभाव

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी क्षत्रियाच्या स्वभावजन्य कर्मांत शौर्य, तेज, धैर्य, दक्षता, युद्धातून न पळणे व दान ही गणून शेवटी ईश्वरभाव सांगितला आहे. ईश्वरभाव म्हणजे आश्रितांचे नियमन व रक्षण करण्याची वृत्ती. वाचक बहुधा शौर्यापाशीच रमतो. या सातव्या गुणाकडे त्याचे लक्ष जात नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतास सदाशिवरावभाऊंनी केलेली सैन्याची मांडणी अविचाराची नव्हती. डाव्या हातास इब्राहिमखान गारद्याच्या तोफा व कवायती पायदळ, मध्यभागी भाऊ व विश्वासराव यांची हुजुरात, उजवीकडे जनकोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर. बायकामुले, यात्रेकरू यांना सांभाळीत गोल बांधून सरकावयाचे, असा बेत होता. परंतु गनिमी काव्यात वाढलेल्या सरदारांस तो मनापासून रुचला नव्हता. छावणीत अन्न संपले होते. माणसे उपाशीपोटी लढत होती. तरीही दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकलेले होते. अहमदशहा अब्दाली मात्र पिछाडीस राहून, राखीव फौज हाती ठेवून, पळणाऱ्यांस पुन्हा रणात धाडीत होता.

दुपारनंतर गोळी लागून विश्वासराव पडले. पुतण्याचे प्रेत पाहून भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि शत्रूत घुसले. हत्तीवर सेनापती दिसेना, तशी फौजेने धीर सोडला.

भाऊंस दोष देणे सोपे आहे. तसे करण्याचा आमचा अधिकार नाही. शौर्य व अपलायन हे गुण त्यांच्या ठायी शेवटच्या श्वासापर्यंत होते. पण त्या क्षणी सेनापती जाऊन केवळ योद्धा उरला. अर्जुन धनुष्य टाकून खाली बसला, भाऊ तलवार उपसून पुढे गेले. वरून पाहता ही दोन टोके, मूळ मात्र एकच, स्वजनांचा मोह. अर्जुनाचे लगाम भगवंतांच्या हाती होते, आणि शंखनाद झाला असला तरी शस्त्रे अजून चालली नव्हती, एवढेच अंतर.

गृहस्थहो, कर्ता पुत्र गेल्यावर एखादा पिता विरक्त होऊन तीर्थयात्रेस निघतो. लोक त्यास वैराग्य म्हणतात. मागे सून आणि नातवंडे राहतात. सावकार दाराशी येतो, शाळेची फी थकते, आणि घरात कोणाकडे पाहावे हे त्या लेकरांस कळत नाही.