जी कुठे गेला?

वाशिमहून पुसदला जाताना वाटेत अनसिंग लागतं. तिथल्या एका शाळेच्या आठवीच्या वर्गातली ही गोष्ट.

दोन दिवसांपासून झड लागली होती. सोयाबीनची डवरणी अडलेली, त्यामुळे एरवी शेतावर जाणारी पोरंही त्या दिवशी वर्गात होती. पत्र्यावरच्या पावसात धडा कुणाला ऐकू येणार? इंग्रजीच्या सरांनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर गावाचं नाव इंग्रजीत लिहिलं: ए, एन, एस, आय, एन, जी.

"ही सगळी अक्षरं ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द शोधा. क्रम कसाही चालेल, पण एन दोनदा पाहिजे. ज्याचा शब्द सगळ्यात लांब, तो जिंकला. आणि हो, शब्द वाक्यात वापरून दाखवायचा."

वर्गात एक पोरगा होता, त्याला सगळे 'डिक्शनरी' म्हणत. थोरला भाऊ पुण्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता, त्याची जुनी पुस्तकं याच्याकडे आलेली. त्यातले लांबच लांब शब्द यानं तोंडपाठ केले होते. लग्नात, बारशात, कुणीही म्हणावं, "म्हणून दाखव रे तो मोठा शब्द," की हा सुरू. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, तरी पाहुण्यांपुढे पोराकडून इंग्रजी म्हणवून घ्यायची हौस काही फिटत नाही.

तो उठला, खडू घेतला आणि लिहायला लागला. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस. पंचेचाळीस अक्षरं. फळ्याची एक ओळ संपली, उरलेला शब्द दुसऱ्या ओळीत गेला. पोरांनी बाकं वाजवली.

"छान. आता आपली अक्षरं खोड."

ए सापडला. एन एक, एन दोन. एस तर भरपूर, आयही पाहिजे तितके. जी काही दिसेना. पोराचं बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरलं, परत फिरलं.

"काय बे, जी कुठी गेला?" मागून कुणीतरी ओरडलं.

तो काही हार मानणारा नव्हता. दुसरा शब्द लिहिला, फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन, एकोणतीस अक्षरं. त्यात जीही नाही आणि एसही नाही. तिसरा, अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम, अठ्ठावीस अक्षरं. एस मिळाला, जी नाहीच.

सरांनी सहज विचारलं, "यांचे अर्थ माहीत आहेत का?"

पोरगा गप्प. मग सरांनीच सांगितलं. पहिला शब्द १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी निव्वळ लांबीसाठी रचला. बारीक धूळ छातीत जाऊन होणाऱ्या रोगाचं ते नाव, पण डॉक्टर त्याला साधं सिलिकोसिसच म्हणतात. तिसरा इंग्लंडच्या राजकारणातला. चर्चचा सरकारशी असलेला संबंध तोडू नका म्हणणाऱ्यांचं मत. आणि मधला? "मधल्याचा अर्थ, एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवणं."

तिसऱ्या बाकावर एक पोरगी वहीत काहीतरी कापाकापी करत होती. स्पेलिंगात ती कच्ची. पाठ राहत नाही म्हणून प्रत्येक शब्दाचे पेन्सिलीनं तुकडे पाडायची तिला सवय. गावाच्या नावाचेही तिनं दोन तुकडे केले. शेवटचे आय, एन, जी बाजूला ठेवले, कारण ते कुठल्याही क्रियापदाला मागून जोडता येतात, हे सातवीतच शिकवलेलं. उरले ए, एन, एस. ही तीन अक्षरं एकत्र कुठे पाहिली बरं?

"सर, स्टँड!"

वर्ग हसला. डिक्शनरी सगळ्यात जोरात हसला. "अवं, स्टँड हाय थो! एसटीचा स्टँड!"

"हसू नका," सर म्हणाले. "पुढे बोल."

ती फळ्याजवळ आली. स्टँड लिहिलं, मागे आयएनजी जोडले. स्टँडिंग, आठ अक्षरं. सहाही अक्षरं हजर. मग थोडं थांबून पुढे अंडर जोडलं. अंडरस्टँडिंग, तेरा. वर्गाचं हसू ओसरलं. पावसाकडे बघत तिनं अजून एक तुकडा आठवला आणि सगळ्यात पुढे मिस लावलं. मिसअंडरस्टँडिंग, सोळा.

"वाक्य?"

तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, काल बांधावरून काका आणि बाबांमध्ये गैरसमज झाला होता, आजीनं मिटवला. वाक्यात क्रियापद चुकलं होतं, सरांनी ते दुरुस्त केलं आणि पहिला नंबर तिला दिला.

घंटा व्हायच्या आत डिक्शनरी पुन्हा उठला. तोंड जरा पडलेलं, पण डोकं चालू होतं. "सर, शेवटी एक एस लावला तर सतरा होतात. चालते का?"

"चालते की!" सर म्हणाले. त्या पोराच्या तीन मोठ्या शब्दांपेक्षा त्यांना तो एक एस जास्त आवडला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो पाठ केलेला नव्हता.

जाता जाता सरांनी फळ्यावर आणखी दोन नावं लिहून ठेवली. वाशिमची सहा अक्षरं, डब्ल्यू, ए, एस, एच, आय, एम. आणि पुसदची पाच, पी, यू, एस, ए, डी. वाशिम ज्यात आहे असा नऊ अक्षरी शब्द इंग्रजीत आहे, अर्थ लहरी. पुसदचा अकरा अक्षरी आहे, त्याचा अर्थ ज्याच्यापुढे कुणी गेलं नाही असा. तुम्हीही शोधून पाहा, आणि शब्दकोश उघडण्याआधी आपल्याला येणाऱ्या शब्दांचे तुकडे करून बघा.