उजेड कुणावर धरायचा

माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या मनात स्वतःचे एक चित्र असते. पोर्ट्रेट काढणाऱ्याने आधी ते ओळखावे. दिवे, लेन्स, बॅकड्रॉप नंतर.

शहापूर तालुक्यात तानसा तलावाच्या आसपासच्या ठाकर-कातकरी पाड्यांवर म्हातारी माणसे पूर्ण उभा फोटो मागतात. धुतलेले लुगडे, केसांना तेल, हात सरळ खाली सोडलेले, नजर थेट भिंगात. "दादा, पाय येतील ना?" एवढीच शंका. शहरातून आलेल्या फोटोग्राफरला मात्र नुसता चेहरा हवा असतो, तोही सुरकुत्यांसकट, चुलीच्या धुरातला. तो फोटो प्रदर्शनात लागतो. आजीला दाखवला तर ती विचारते, "चांगलं लुगडं नेसले होते, तेव्हा का नाही काढलास?" या प्रश्नाला आम्हा फोटोग्राफरांकडे उत्तर नाही.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, आसनगावच्या कारखान्यांत, नाशिक महामार्गालगतच्या रिसॉर्टांत कंपन्यांचे कार्यक्रम असतात, त्यांचेही फोटो आम्हीच काढतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सुरक्षा सप्ताहाची शपथ, शेवटी ग्रुप फोटो. या कामाला कमी लेखणारे कलावंत मला पटत नाहीत. उभी हयात यंत्रावर घालवलेला कामगार निवृत्तीच्या दिवशी साहेबांच्या शेजारी ताठ उभा राहतो. तो फोटो त्याच्या घराच्या भिंतीवर कायमचा लागणार असतो. तिथे हात हलला, डोळे मिटले, तर चूक दुरुस्त करायला दुसरा दिवस मिळत नाही.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून पाड्यांवर दप्तरे येतात, सायकली येतात, पाण्याची पिंपे येतात. गरजेच्या वस्तू आहेत, याव्यातच. वाटपाच्या वेळी देणारा आणि घेणारी दोघेही पिंपाला हात लावून थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मागचा कंपनीचा फलक चौकटीत येईपर्यंत ते पिंप कुणाचेच नसते.

देणाऱ्याचा शर्ट पांढरा, घेणारीचा चेहरा सावळा, डोक्यावर एप्रिलचे ऊन. कॅमेऱ्याचे मीटर समोरच्या उजेडाचा अंदाज घेते आणि सगळे मधल्या करड्या छटेवर आणू पाहते. शर्ट सांभाळला तर चेहरा काळवंडतो. चेहरा सांभाळला तर शर्टाच्या चुण्या उडून जातात. दोन्ही हवे असेल तर चार पावले सरकून सगळ्यांना आंब्याच्या सावलीत घ्यावे लागते, आणि साहेबांना घाई असते. अशा वेळी मी मीटर तिच्या गालावर धरतो. नंतर "जरा उजळ करा" अशी सूचना आली तर नकार देतो. असलेला रंग नीट उजेडात आणणे हे कौशल्य. रंग बदलला की फोटो दुसऱ्या कुणाचा होतो.

माणसाची ओळख पुसणारे फोटो नवे नाहीत. मुंबईत काम केलेल्या विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले. मुंबईतल्या आणि मुंबईला येणाऱ्या जाती-जमातींची ती चित्रे होती. माणसांचे फोटो वेगळे काढायचे, स्थळांचे वेगळे, मग माणसे त्या पार्श्वभूमीवर बसवायची, अशी त्यातली बरीच चित्रे. माणूस तिथे जमातीचा नमुना म्हणून उभा आहे. दीडशे वर्षांत कॅमेरे किती बदलले! कंपन्यांच्या अहवालांतल्या आमच्या फोटोंखाली मात्र साहेबांचे नाव पदासकट असते आणि बाकीचे सगळे 'लाभार्थी' असतात.

तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. भातसाही शहापूर तालुक्यातच. तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते आणि डोक्यावर हंडे घेतलेल्या बाईचा फोटो पुन्हा छापून येतो. तो छापलाच पाहिजे. पण तीच बाई हळदीत नाचते, म्हसा गावच्या जत्रेत बांगड्या भरते, लेकीच्या निकालाचा कागद चारचौघांना दाखवते. त्या वेळी आम्ही कुणी तिथे नसतो. माणसाला फक्त त्याच्या अडचणीत पाहिलेला कॅमेरा त्याला ओळखतो असे मी मानत नाही.

स्टुडिओत येणारे सगळ्यात जड काम वेगळेच. घरात कुणी गेलेले असते, दशक्रियेचा फलक करायचा असतो आणि मुलाच्या हातात फक्त आधार कार्ड असते. त्यावरचा नखाएवढा चेहरा दोन फुटांचा करायचा. मोठा करत गेलो की डोळ्यांच्या जागी काळे ठिपके उरतात, कपाळ पांढरेफट्ट होते, कानाची कड भिंतीत मिसळते. मुलगा हळूच विचारतो, "बाबा थोडे हसरे करता येतील का?" खरे तर त्या माणसाचे हसरे फोटो असतात. वाटपाच्या रांगेतले, श्रमदानातले, शिबिरातले. ते कुठल्या तरी कार्यालयाच्या संगणकात पडून असतात. घरी एकही नसतो.

म्हणून कोटेशन मागणाऱ्या कंपन्यांना, संस्थांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे. फोटो काढण्याआधी विचारा. समोर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचे नाव आणि पाडा लिहून घ्या. प्रत्येकाला द्यायच्या प्रिंटचा खर्च कोटेशनमध्येच धरा, पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटला फार पैसे पडत नाहीत. पाड्यावर जाणे जमत नसेल तर पाकीट शाळेत गुरुजींकडे द्या. ते घरोघर पोचते.